मुलांचे पायजमे घरी शिवताना: आधी मूल खाली बसवून बघ, मग कापड काप

तू विचारलंयस की सासूबाईंची जुनी पायमशीन घरात नुसती पडून आहे, मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा सहाचा, बाजारातल्या पायजम्यांचं इलॅस्टिक काचतं आणि मुलगी रात्री झोपेत कंबर खाजवत राहते, तर घरी शिवता येतील का, कापड कुठलं आणि किती घ्यायचं, आणि घरात इंटरलॉक मशीन नसताना कापडाच्या कडा कशा सांभाळायच्या. शिवता येतील गं, नक्की येतील. मी ठाण्यात नौपाड्याला शिवणाचे क्लास घेते आणि नवीन येणाऱ्या मुलींना पहिलं काम लहान मुलाच्या पायजम्याचंच देते, कारण त्यात चेन नाही, कॉलर नाही, काज नाही, चारपाच टिपांमध्ये कपडा तयार होतो. पण एक गोष्ट त्यात नीट समजून घ्यावी लागते आणि ती म्हणजे आसन, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या मधल्या जोडापर्यंतचा भाग, त्यावर मी खाली जास्त लिहिणार आहे, बाकीचं भराभर सांगते.

आधी कापड. आपल्याकडे ठाणे काय, ऐरोली काय, खाडीकाठची दमट हवा, वर्षातले आठ महिने घाम येतो, त्यामुळे रात्रीच्या कपड्याला शुद्ध सुतीच घे. पायजम्याला पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक छान, इचलकरंजीचं साधं पॉपलिनसुद्धा चालतं, धुऊन धुऊन ते मऊ होत जातं. मलमल झबल्याला उत्तम पण पायजम्याला गुडघ्यावर लवकर विरते. फ्लॅनेल बघायला गोड दिसतं पण आपल्याकडे फार तर जानेवारीत चार रात्री लागतं आणि पावसाळ्यात वाळत नाही, त्यावर पैसे घालू नकोस. होजिअरीचं कापड म्हणजे टीशर्टचं कापड आत्ताच घेऊ नको, ते ताणतं, त्याला बॉलपॉइंट सुई आणि झिगझॅग टीप लागते, सासूबाईंची मशीन फक्त सरळ टीप मारत असेल तर पायजमा ताणला की टीप तटकन तुटते.

दुकानात सगळेच सांगतात की कॉटन आहे म्हणून. घरी आणल्यावर कडेचे चारपाच धागे काढ, एकत्र पिळून चिमट्यात धर आणि बेसिनवर पेटव, मुलं जवळ नसताना. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटाने चुरगाळली जाते, पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. दोन्ही दिसलं तर मिक्स आहे, ते मुलांच्या बाहेर जायच्या कपड्याला वापर, झोपायच्या नको. आणि नवीन कापड दोन तळव्यांत चोळून बघ, पांढरी पूड पडली तर खळ भरपूर आहे, ती निघून गेली की तेच कापड निम्मं विरळ निघतं. कापड कापायच्या आधी एकदा रात्रभर भिजत घालायचं, धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, यात अजिबात सूट नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि लांबीत जास्त आटतं, मीटरमागे एक ते दीड इंच धरूनच चाल, न धुता शिवलेला पायजमा पहिल्या धुण्यानंतर घोट्याच्या वर येतो. गडद रंग वेगळे भिजव, ओल्या पांढऱ्या रुमालावर ठेवून इस्त्री फिरवलीस की रंग जातो का ते लगेच कळतं.

खरेदीला तुला ऐरोलीहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाणे सोपं, स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंतच्या बाजारात कापडाची दुकानं आहेत, कटपीस मिळतात, मुलांच्या कपड्याला कटपीसच परवडतो. एकदम बरंच घ्यायचं असेल तर उल्हासनगरचं गजानन मार्केट नाहीतर दादरला हिंदमाता. पण खरं सांगू का, पहिल्या पायजम्याला कापड विकत आणूच नको. घरात आईची, सासूबाईंची जुनी सुती साडी असेल ती काढ. खिडकीसमोर उजेडात धरून बघ, जिथे उजेड जास्त आरपार येतो तो भाग विरलेला, नेसताना बसायच्या जागी येतो तो आणि निऱ्यांचा खालचा भाग बहुतेक गेलेला असतो, आतला खोचायचा भाग आणि पदराकडचा भाग चांगला सापडतो. त्या कापडाची खळ गेलेली, आटायचं ते आटलेलं, मुलीच्या अंगाला लागेल असं काही त्यात उरलेलं नसतं. काठ मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाला, घेतलास तर दुमडायचंही काम नाही.

आता किती कापड. पन्ना म्हणजे कापडाची रुंदी, ती विचारून घे, ४४ इंच पन्ना असेल तर मुलीला पाऊण मीटर आणि मुलाला एक मीटर पुरतं. हिशोब असा, मी बाजूची शिलाई ठेवतच नाही, एक पाय एका तुकड्यात. समजा मुलीची सीट, म्हणजे बसायच्या जागेचा घेर, २२ इंच, त्यात ६ इंच सैल धरले की २८, त्याचे अर्धे १४, पुढच्या आसनाचं दोन पायांच्या मध्ये जाणारं टोक दीड आणि मागच्याचं अडीच असे १८, दोन्हीकडची अर्धा अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, धरून १९. ४४ पन्ना दुमडला की २२ मिळतात, म्हणजे दोन्ही पाय शेजारी शेजारी निघतात. ३६ पन्ना असेल तर ते शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक घ्यावे लागतात आणि कापड दुप्पट, दीड मीटर लागतं, त्यामुळे स्वस्त दिसलं तरी ३६ पन्न्याचा हिशोब करूनच घे. छापील कापडावर हत्ती, मोर, गाड्या असतील तर कापड असं दुमड की दोन्ही पायांवर ते उभेच राहतील, आडवी घडी घातलीस तर एका पायावरचे सगळे उलटे.

आता आसन. मुलीला जमिनीवर खेळत असताना मागून बघ एकदा. लहान मुलं उभी राहत नाहीतच, ती उकिडवी बसतात, मांडी घालतात, पुढे वाकून ठोकळे लावतात, आणि त्या वेळी पायजमा मागून दोन बोटं खाली सरकतो, पाठ उघडी पडते आणि इलॅस्टिक पुढे पोटात रुततं. आई म्हणते इलॅस्टिक सैल झालंय, आणखी घट्ट घालते, मग ते जास्त काचतं. मुळात दोष इलॅस्टिकचा नसतोच, मागचं आसन छोटं असतं. स्वस्त पायजम्यांत बरेचदा पुढचा आणि मागचा भाग एकाच मापाचा कापलेला असतो, त्यात कापड वाचतं आणि कापणी भराभर होते. आपल्याला घरी ती घाई नाही. तुझ्या मुलीचं खाजवणं मला तरी इथूनच आलेलं वाटतं, कापड बदलून थोडा फरक पडेल पण मागचं आसन वाढवल्याशिवाय पूर्ण जाणार नाही.

माप असं घे. मुलीला सपाट स्टुलावर बसव, ताठ, पाय खाली. कमरेला जिथे ती पायजमा ठेवते तिथे, म्हणजे बेंबीच्या जरा खाली, कारण या वयात पोट पुढे असतं, तिथे एक नाडी बांध आणि नाडीपासून स्टुलापर्यंत बाजूने टेप लाव. साडेतीन वर्षाच्या मुलीला साधारण साडेसात इंच भरतील. त्यात एक इंच वाढवला की साडेआठ, हे पुढचं आसन. मागचं मध्यावर आणखी एक इंच वर, म्हणजे साडेनऊ, आणि तिथून पुढपर्यंत कमरेची रेघ हळूहळू उतरत आणायची. रात्री डायपर घालत असशील तर मागे अजून एक इंच. नेफ्याचं, म्हणजे इलॅस्टिक ओवायच्या दुमडीचं, कापड याच्या वर वेगळं, ते यात धरायचं नाही.

आखणी करायला भ्यायचं कारण नाही, मुलाला किंवा मुलीला मापात बसणारा एक जुना पायजमा घे, त्यावरूनच ब्राऊन पेपरवर उतरव. एक पाय दुसऱ्या पायात घाल, म्हणजे आसनाची गोलाई बाहेर येते, पुढची बाजू वर ठेवून इलॅस्टिक पूर्ण ताणून टाचण्यांनी पेपरला टोच आणि कडेने पेन्सिल फिरव, मग मागची बाजू तशीच. दोन्ही आकृत्या बाजूच्या सरळ रेघेवर एकमेकांना जोड, झाला एका पायाचा एक तुकडा. मागची गोलाई पुढच्यापेक्षा खोल आणि टोक लांब दिसलं पाहिजे, दोन्ही सारख्या दिसल्या तर वरच्या हिशोबाने मागची वाढव. जुना पायजमा होजिअरीचा असेल तर रुंदीत प्रत्येक पायाला दीड इंच वाढव, कारण तो ताणून अंगावर बसत होता आणि पॉपलिन ताणणार नाही, हे न वाढवता शिवलेले पायजमे मांडीत अडकतात आणि मग सगळ्यांना वाटतं की घरचं शिवलेलं चांगलं होत नाही.

मग कडेने अर्धा इंच माया, वर नेफ्याला सव्वा इंच, खाली मोहरीला तीन इंच. तीन जास्त वाटतील पण या वयात मुलं वर्षाला पाचसात सेंटिमीटर उंच होतात आणि कमरेत मात्र फारसा फरक पडत नाही, त्यामुळे पायजमा नेहमी लांबीलाच कमी पडतो. आतली दुमड उसवून खाली सोडली की आणखी एक वर्ष जातो. जुन्या दुमडीची रेघ दिसते, त्यावर एक फीत लावून टाक. कापताना कापडाची सुलट बाजू आत ठेवून दुमड आणि दोन्ही थर एकदम काप म्हणजे उजवा डावा पाय आपोआप निघतो, सुटे सुटे कापले की दोन्ही डावेच निघतात. उभा धागा पायाच्या लांबीत. मागच्या बाजूला खडूने खूण कर, लगेच, नंतर कळत नाही.

मशीनबद्दल. बरेच महिने बंद असेल तर तेलाच्या भोकांत मशीनच्या तेलाचे दोनदोन थेंब सोड, खोबरेल अजिबात नको, चिकट होतं, मग टाकाऊ फडक्यावर पाचदहा मिनिटं चालव म्हणजे जास्तीचं तेल निघून जाईल. पट्टा सैल पडला असेल तर थोडा कापून परत जोडून घे. सुई नवीन घाल, पॉपलिनला १४ नंबर, मलमलला ११. खणातली जुनी रिळं दिसतील, सुती दोरा हाताने झटका देऊन बघ, सहज तुटला तर फेकून दे, नवा स्पन पॉलिस्टर दोरा घे, शिलाईला तो मजबूत. त्याच कापडाच्या तुकड्यावर टीप मारून बघ, खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो, बॉबिन केसचा स्क्रू लगेच फिरवत बसू नको.

शिवायचा क्रम. आधी प्रत्येक पायाची आतली मांडी जोडायची. इथे तुझ्या कडांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, फ्रेंच शिलाई घाल. उलट बाजूला उलट बाजू लावून दोन सुतांवर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पहिली टीप, मग कडा कापून एक सूत ठेवायचं, कपडा उलटून कड नीट दाबून दोन सुतांवर दुसरी टीप, सगळे धागे आत बंद होतात आणि मांडीला काहीही टोचत नाही. इंटरलॉकपेक्षा ही शिलाई लहान मुलांच्या अंगाला मला केव्हाही जास्त आवडते. मग एक पाय सुलट कर, दुसऱ्या उलट्या पायात घाल, दोन्ही मांड्यांच्या शिलाया तंतोतंत एकमेकींवर आण, तिथे टाचणी, आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत गोलाई एका दमात शिव. तिच्यावरच परत दुसरी टीप, कारण सगळा ताण तिथे येतो आणि पायजमा फाटतो तोही तिथेच. गोलाईत फ्रेंच शिलाई जाड होते म्हणून तिथे कडा एका सुतापर्यंत बारीक करून हाताने गुंफून घे, नाहीतर पिको-फॉलवाल्याकडे तेवढीच इंटरलॉक करून आण, प्रत्येक सेक्टरमध्ये एक तरी असतोच.

इलॅस्टिक पाऊण इंच रुंद, मऊ, विणलेलं घे. अरुंद इलॅस्टिक दोरीसारखं रुततं. लांबी कमरेपेक्षा फक्त एक ते दीड इंच कमी, चार इंच कमी करू नको. वरचं कापड पाव इंच आत दाब, मग एक इंच दुमडून नेफा शिव, मागे दोन इंच जागा उघडी ठेव. सेफ्टी पिनने इलॅस्टिक ओव, टोकं अर्धा इंच एकमेकांवर ठेवून नुसती टाचणीने धर, आणि मुलीला घालून खाली बसव, मांडी घालू दे, वाकू दे. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. मग टोकांवर चौकोनी टीप मार, नेफा बंद कर, आणि मागच्या मध्यशिलाईवर इलॅस्टिकसकट एक उभी टीप घाल, म्हणजे धुताना ते आत पिळत नाही. तिथेच मागे बाहेरच्या बाजूने रंगीत फितीचा छोटा तुकडा लाव, मुलीला स्वतःला कळतं मागचं कुठलं, आणि आतून काही लागत नाही. मोहरी सगळ्यात शेवटी, उभी करून लांबी बघून.

नाडीचं विचारशील तर लहानांना नको. युरोपात ७ वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाडी दोरी चालतच नाही असं मानक आहे, अडकून गळा आवळला जातो म्हणून, आपणही तेच पाळावं. पायजम्याला हौसेने नाडी हवीच तर पुढे छोटा बो शिवून टाक, नुसता शोभेचा. तीन वर्षांखालच्या मुलांना बटणं नकोत, निघालेलं बटण थेट तोंडात जातं. आणि अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना नियम आहे की कापड पटकन पेट न घेणारं तरी हवं, नाहीतर कपडा अंगालगत बसणारा तरी हवा, कारण सैल सुती कपड्याच्या आत हवा असते आणि तो भसकन पेटतो. आपल्या घरांत समई असते, दिवाळीत फुलबाज्या असतात, त्यामुळे मोहरी घेरदार करू नको, घोट्याशी फार तर १० इंच गोल ठेव, झालरी लावू नको, आणि फटाक्यांच्या वेळी रात्रीचे कपडे घालूनच पाठवू नको. उन्हाळ्यात हवा लागावी म्हणून सैलपणा मांडीत दे, खाली नको.

वरच्या सदऱ्याचं थोडक्यात सांगते, तो मोठा विषय आहे. मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, तीन वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण साडेएकोणीस इंच असतो, म्हणून गळा कापला की टेप उभी धरून मोज, त्याहून कमी भरला तर खांद्यावर उघड, म्हणजे बटणाची फट, ठेवावी लागेल. उघड पाठीवर ठेवू नको, उताणं झोपलं की बटण मणक्याला टोचतं. गळ्याला उरेप पट्टी सव्वा इंच रुंद, कापडाच्या तिरक्या रेघेत कापलेली, लावताना जराशी ताणून धर म्हणजे गळा उभा राहत नाही.

स्वस्त पडतं का म्हणशील तर फार नाही, रस्त्यावर मिळणारा पायजमा तुझ्या कापडाच्या पैशातच येतो. पण पावसाळ्यात नेफा आणि जाड शिलाया वाळत नाहीत, रोज एक पायजमा ओला असतोच, तेव्हा एका मुलाला तीनचार तरी लागतात आणि जुन्या साड्यांमधून ते जवळजवळ फुकट निघतात. एकदा ब्राऊन पेपर बरोबर झाला की मग दुपारभरात दोन होतात.

मुलाचा करताना सीट २५च्या आसपास असेल, एका पायाची रुंदी २१ इंचांपर्यंत जाते, ४४ पन्न्यात जेमतेम बसतो, तेव्हा धुतल्यावर पन्ना परत मोजून मगच काप. सहाव्या वर्षी गुडघे घासले जातात, तर पाय सपाट असतानाच, मांडी जोडायच्या आधी, गुडघ्यावर त्याच कापडाचा पाच बाय सहाचा तुकडा आतून लाव आणि खिसाही तेव्हाच बसव, नंतर पायाची नळी झाली की मशीनखाली हात जात नाही. खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर छोटा त्रिकोण शिवून घे, तिथून तो उसवतो. आणि मुलीच्याही पायजम्याला लाव, एकाला खिसा आणि एकीला नाही असं घरात चालत नाही.